मागच्या शेऱ्याचं काय झालं?

पहाटे ५.३०

चहा उकळेपर्यंत मागच्या भेटीचा शेरा वाचून घेतो. नऊ मुद्दे होते. प्रत्येकासमोर समासात तीनपैकी एक खूण केलेली आहे: झालं, झालं असं कळवलं, काहीच नाही. नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली, त्यामुळे माझा डोळा मधल्या खुणेवर जास्त. 'पूर्तता करण्यात आली आहे' या वाक्याखाली काय काय झाकता येतं, हे नगरपालिकांच्या दप्तरांत पुरेसं पाहिलंय.

निवृत्तीनंतर एका रात्रशाळेचं काम बघत होतो. तिथून या कामात ओढला गेलो. आमच्या जिल्हा कारागृहाच्या अभ्यागत मंडळाचा मी अशासकीय सदस्य आहे. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि आरोग्य, बांधकाम, शिक्षण, समाजकल्याण, कृषी वगैरे खात्यांचे अधिकारी शासकीय सदस्य. शिवाय २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेप्रमाणे आमदार, राज्य मानवी हक्क आयोगाचा प्रतिनिधी आणि जिल्ह्यातले दोन समाजकार्यकर्ते, त्यातली एक महिला. आमच्याकडे त्या महिला सदस्य म्हणजे सिस्टर. सिव्हिल हॉस्पिटलमधून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या, पण गावाच्या तोंडी सिस्टरच राहिल्या.

बाहेरच्या माणसाने तुरुंग बघायचा, ही कल्पना नवी नाही. १८९४ च्या कारागृह कायद्यातच अभ्यागत नेमण्याची तरतूद होती. तरी कितीतरी ठिकाणी नेमणुका रिकाम्याच राहतात. जुलै २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा राज्यांना सांगावं लागलं की कारागृहांत कॅमेरे बसवा आणि अशासकीय अभ्यागत नेमा.

अधिकार म्हणाल तर आम्हाला आत जाता येतं, बघता येतं, विचारता येतं आणि लिहिता येतं. हुकूम देता येत नाही. साधा एक पंखा बसवा असंही फर्मावता येत नाही. 'मग जाऊन करता काय?' असं घरचे विचारतात. वही पिशवीत टाकतो आणि निघतो.

सकाळी ६.४५

सिस्टरांना रिक्षात घेतलं. आज येतोय, हे कुणालाही कळवलेलं नाही. कळवून गेलं की ओला चुना आणि फिनेलचा वास मिळतो, तुरुंग मिळत नाही.

मोठ्या दरवाज्यातली खिडकी उघडते. शिपाई नवा आहे. "कोण आपण? आज मुलाखत नाही." ओळखपत्र बघून म्हणतो, "साहेबांना विचारतो, थांबा." मी घड्याळाकडे बघून वेळ लिहितो. दार वाजवल्यापासून आत घेईपर्यंत किती मिनिटं गेली, हा माझ्या प्रत्येक शेऱ्याचा पहिला मुद्दा असतो. पाच-दहा मिनिटं म्हणजे शिस्त. अर्ध्या तासाच्या वर गेलं तर आत काहीतरी आवरलं जातंय असं समजायचं. आज अकरा मिनिटं लागली. बरं आहे.

मोबाइल आणि पाकीट जमा, रजिस्टरवर सही, आमची झडती. झडतीला हरकत घ्यायची नाही, उलट नीट घ्या म्हणायचं. आमच्या पिशवीतून आत काही गेल्याचा नुसता संशय आला तरी पुढच्या सगळ्या शेऱ्यांची किंमत जाते.

सकाळी ७.००

गेटच्या आत बंदीसंख्येचा फळा असतो. अधिकृत क्षमता, आजची संख्या, पुरुष, महिला, सिद्धदोष, न्यायाधीन. आकडे रोज खडूने बदलतात, क्षमता मात्र तैलरंगात लिहिलेली, वर्षानुवर्षं तीच. आमच्याकडे आजचा आकडा क्षमतेच्या पुष्कळ वर आहे. देशातही चित्र तसंच: २०२२ च्या अखेरीस ४,३६,२६६ जागांमध्ये ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले चारपैकी तीन न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे.

पण शेऱ्यात 'गर्दी आहे' असं लिहिलं तर उत्तर ठरलेलं: 'सर्वच कारागृहांत आहे.' म्हणून मी फरश्या मोजतो.

बराकीत शहाबादी फरशी आहे, दोन फूट बाय दोन फूट. नियमपुस्तिका बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा सांगते. म्हणजे चाळीस चौरस फूट, म्हणजे दहा फरश्या. मोजणी आटोपून बराक उघडलेली, अंथरुणाच्या वळकट्या भिंतीला लागलेल्या. एकाला विचारलं, "रात्री तुमची जागा कुठून कुठवर?" त्याने पायाच्या अंगठ्याने रेघ दाखवली. रुंदीला एक फरशी, लांबीला तीन. "कुशीवर वळायचं असलं तर?" शेजारी हसला. "मला उठवतो." दहाच्या जागी तीन फरश्या, हे वाक्य वहीत गेलं. याला 'सर्वत्र आहे' असं उत्तर देता येत नाही. किमान द्यायला लाज वाटते.

संडास चार, त्यातला एक तुंबलेला. साफ कोण करतं, हा प्रश्न मी तीन वेगळ्या माणसांना तीन वेगळ्या ठिकाणी विचारतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात कारागृहांतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली, रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि हे पाळलं जातंय का ते विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळाने मिळून तपासायचं काम आमच्या गळ्यात घातलं. याचिका करणाऱ्या बाई मुंबईच्या पत्रकार.

सुभेदार म्हणाले, "पाळीने करतात." बराकीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, "जो करतो तोच करतो." तो जो कोण होता, त्याला नळापाशी गाठलं. विशीतला पोरगा. न्यायाधीन आहे, म्हणजे त्याच्याकडून सक्तीने काम घेताच येत नाही. म्हणाला, "सक्ती नाय साहेब. कॅन्टीनचा बिस्किटचा पुडा भेटतो. घरून मनिऑर्डर नाय येत माझी." आडनाव मी विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही, ते हवालदाराने आपणहून सांगितलं, जणू त्यात सगळं उत्तर आलं. हवालदाराचं वाक्य मी शब्दशः उतरवून घेतलं.

सकाळी ८.३०

स्वयंपाकघर. सिस्टर पातेल्यांकडे जातात, मी काट्याकडे. काट्यावर वैधमापनाचा शिक्का आहे का आणि कुठल्या वर्षाचा, ते आधी. मग आजची बंदीसंख्या गुणिले माणशी मंजूर डाळ, तो गुणाकार, आणि कोठारातून आज निघालेली डाळ. कागदावर दोन्ही आकडे तंतोतंत जुळतात. पोतं काट्यावर चढवायला सांगितलं. काटा कागदाशी सहमत नव्हता. फरक फार नाही, रोज तेवढाच असेल तर महिन्याला बराच.

हे उगाच मोजत नाही. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात वाटपातली दोन अंडी आणि पाच पाव कमी पडले, त्याचा जाब विचारला गेला आणि त्या दिवशी एका बंदी महिलेचा मारहाणीत मृत्यू झाला, असा आरोप ठेवून सहा कर्मचाऱ्यांवर खटला भरला गेला. त्या कारागृहालाही काटा होता, रजिस्टर होतं, अभ्यागतांची वही होती. तेव्हापासून अंडी मोजताना मला कुणी हसलं तर मी हसू देतो.

सिस्टर डाळ चाखतात ती पातेल्यातली नाही, शेवटच्या बराकीत पोचलेल्या बादलीतली. पहिल्या बराकीत डाळ जाते, शेवटच्या बराकीत डाळीचं पाणी. दोन वाट्या शेजारी ठेवून त्यांनी सुभेदारांना बोलावलं आणि एक शब्द न बोलता दोन्हींत चमचा फिरवला.

सकाळी १०.००

दवाखान्यात सिस्टरांचं राज्य. औषधांच्या तारखा, तापाच्या नोंदी, क्षयाच्या तपासण्या, मधुमेहवाल्यांना इन्सुलिन कुठे ठेवतात, वीज गेली तर काय करतात. मी बाह्यरुग्ण रजिस्टर घेऊन कोपऱ्यात बसतो. दहा दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही. खऱ्या रजिस्टरात चहाचा डाग असतो, शाई बदलते, कुणाचं तरी नाव चुकून पुन्हा लिहिलेलं असतं. इतकं स्वच्छ पान एका बैठकीत लिहिलेलं असतं.

मग सिव्हिलला पाठवायच्या रुग्णांची यादी. एका बंद्याला हर्नियासाठी तपासायला न्यायचं होतं. त्याच्या नावापुढे तीन तारखा आणि तिन्हींपुढे एकच नोंद: 'गार्ड उपलब्ध नाही.' पोलीस मुख्यालयाकडून कैदी पार्टी आली नाही की तारीख पुढे जाते. डॉक्टर म्हणतात, मी लिहून दिलं. कारागृह म्हणतं, आम्ही मागणी केली. पोलीस म्हणतात, बंदोबस्त होता. तिघांचंही खरं असतं आणि माणूस तिथेच पोट धरून बसलेला असतो.

कोठडीत माणूस दगावला तर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवायचं, हा दंडक १९९३ पासून आहे. मरणाची खबर द्यायला यंत्रणा आहे. मरणाआधी हुकलेल्या तारखांची खबर द्यायला आमच्या वहीशिवाय फारसं काही नाही. तिन्ही तारखा उतरवल्या, मागणीपत्रांच्या जावक क्रमांकांसह. पोलीस अधीक्षक याच मंडळाचे सदस्य आहेत. बैठकीत त्यांच्यासमोर हे तीन क्रमांक वाचायचे आहेत.

सकाळी १०.४५

बाराला टाळा पडतो, तोवर माणसांशी बोलायचं. हा दिवसाचा सगळ्यात नाजूक तास.

रांगेत उभं करून 'कुणाची काही तक्रार?' असं विचारलं तर एकही हात वर येत नाही. जो वर करेल त्याची रात्र कशी जाईल, ते सगळ्यांना माहीत असतं. म्हणून आम्ही दहा-बारा जणांना बोलावतो, नावं हजेरीतून आम्ही काढतो, आणि सगळ्यांना तेच प्रश्न, जवळपास तेवढाच वेळ. कोण काय बोललं हे बाहेरून ओळखू येऊ नये. शिपाई दिसेल इतका जवळ, ऐकू येणार नाही इतका लांब. प्रत्येकाला 'तुम्ही' म्हणायचं.

ही रीत आम्ही शोधलेली नाही. १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या पोलीस कोठड्यांमधल्या महिलांच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पाठवलं आणि महिला बंद्यांशी दुसरं कुणी हजर नसताना बोलू द्यावं, असं सांगितलं. त्यांच्या अहवालावर १९८३ चा निकाल उभा राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतही हेच आहे: तपासणी करणाऱ्याला न कळवता जाता आलं पाहिजे आणि एकांतात बोलता आलं पाहिजे.

एक मुलगा बसला. "जेवण?" "ठीक." "झोप?" "ठीक." "मारहाण?" "नाही साहेब, सगळं ठीक." नजर सतत माझ्या खांद्यामागे. मी वही मिटली. मग तो म्हणाला, "माझ्या आईला एक फोन कराल का? नंबर पाठ आहे." "निरोप मी नेत नाही. पण तुम्हाला इथून फोन का मिळत नाही, ते विचारतो." त्याच्या फोनच्या कार्डाचा अर्ज पडून होता, आईच्या मोबाइलचा पुरावा जोडला नाही म्हणून. सिमकार्ड मामाच्या नावावर. अशी गाठ सुटायला साहेबाची एक सही लागते, आणि ती सही मागायला बाहेरचं कुणीतरी लागतं.

परतताना तक्रारपेटी पाहिली. सुनील बत्रा प्रकरणात एका बंद्याच्या छळाची हकिगत दुसऱ्या बंद्याने न्यायाधीशांना पत्राने कळवली होती. त्या निकालात न्यायालयाने कारागृहांत तक्रारपेट्या ठेवायला सांगितल्या, आणि त्या जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीशांच्या हुकमतीखाली. आमच्याकडची पेटी हवालदाराच्या खुर्चीच्या बरोबर वर टांगलेली आहे. चिठ्ठी टाकायला त्याच्या डोक्यावरून हात न्यावा लागतो. कुलूप बघितलं तर भोकात गंज. चावी नियमाप्रमाणे बाहेर आहे, फक्त ती बरेच दिवस आत आलेली नाही. दोष इथे कारागृहाचा कमी आणि आमच्या मंडळाचा जास्त. तेही लिहिलं.

दुपारी १२.००

टाळा. तीन वाजेपर्यंत बराकी बंद. आम्ही कचेरीत.

आधी शिक्षेची नोंदवही. कुणाला वेगळ्या कोठडीत टाकलं असेल तर सत्र न्यायाधीशांना कळवल्याचा जावक क्रमांक हवा, हेही बत्रा निकालाचंच देणं. नोंदी दोन, क्रमांक एकाचाच.

मग जामिनाचं टेबल. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. तिच्या कलम ४७९ प्रमाणे मृत्युदंड किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला बंदी कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत राहिला की जामिनावर सोडण्याजोगा होतो, बाकीचे निम्म्या काळानंतर. आणि न्यायालयाला तसा अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची. २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जुन्या प्रकरणांनाही हे लागू असल्याचं स्पष्ट केलं. लिपिकाने यादी दाखवली, संगणकावर, रंग देऊन. चांगली ठेवली होती. तोंडावर सांगितलं की चांगली ठेवली आहे. शेऱ्यात चांगलंही लिहायचं असतं, नाहीतर वाईटावर कुणी विश्वास ठेवत नाही.

त्याच यादीच्या तळाशी एक नाव अडकलं. ऊसतोड मजूर, दुसऱ्या जिल्ह्यातला. जामीन कधीच मंजूर झालेला, रक्कम पंधरा हजार, स्थानिक जामीनदार हवा. टोळी हंगाम संपवून गावी गेली, इथे त्याला ओळखणारं कुणी नाही. जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिना उलटला तर न्यायालय आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. शिवाय २०२३ पासून केंद्राच्या योजनेत गरीब न्यायाधीन बंद्यांच्या जामिनासाठी पैशाची मदत आहे. म्हणजे कायदा आहे, आदेश आहे, पैसाही आहे.

"कळवलंत का प्राधिकरणाला?" "कळवलंय, साहेब." "प्रत?" फाइल उलटली. पत्र होतं, सही होती, जावक क्रमांक नव्हता. पत्र टंकलं गेलं, टपालात गेलंच नाही. लिपिकाचा चेहरा उतरला. एकटा माणूस तीन टेबलं सांभाळतो. मी आवाज चढवला नाही. "आत्ता लावा क्रमांक. मी थांबतो." पत्र माझ्यासमोर ईमेलने गेलं, मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयाला प्रत.

दुपारी १.४५

अधीक्षकांनी जेवायला बोलावलं, नेहमीप्रमाणे नको म्हटलं. बंद्यांचं जेवण चाखतो, साहेबांचा पाहुणचार घेत नाही. बाहेर टपरीवर चहा आणि सिस्टरांच्या डब्यातली भाकरी.

गेटसमोरच्या लिंबाखाली मुलाखतीला आलेले लोक बसलेले असतात. इथे कागदावर नसलेलं बरंच कळतं. एक बाई पहाटेच्या एसटीने आल्या होत्या, आधार कार्डावरचं नाव माहेरचं, म्हणून परत पाठवत होते. एका म्हाताऱ्याने दोन वेळा विचारलं, "आत मनिऑर्डर पोचते ना पुरी?" त्याच्या पावत्या पाहिल्या, तारखा उतरवल्या. संध्याकाळी आतल्या खात्याशी ताडून बघायच्या. बसायला सावली आहे, प्यायला पाणी नाही. हाही एक मुद्दा, आणि बांधकाम खात्याचे अभियंता आमच्याच मंडळात आहेत.

दुपारी ३.००

महिला विभाग. मी दारापाशी थांबतो, सिस्टर आत जातात. पॅड किती मिळतात, आंघोळीला आडोसा आहे का, गरोदर बाईला शेवटचं कधी तपासलं, या प्रश्नांची उत्तरं मी समोर असताना येत नाहीत.

दोन लहान मुलं आहेत, आयांबरोबर राहणारी. आर. डी. उपाध्याय निकालाप्रमाणे २००६ पासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईजवळ राहता येतं, पण ते मूल बंदी नाही. त्याला दूध, खेळ, लस, अंगणवाडी, सगळं मिळालं पाहिजे. थोरलं अंगणवाडीत जातं, धाकट्याच्या लसीचं कार्ड गावी राहिलं. सिस्टरांनी नावाची चिठ्ठी आरोग्य अधिकाऱ्यांसाठी करून घेतली. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "थोरल्याला मी विचारलं, तुमच्या घराला किती दारं? म्हणाला, कुलूपवालं एकच."

दुपारी ४.३०

रात्रीचं जेवण आत्ता वाटलं जातं. सहाच्या आत टाळा पडायचा, म्हणून. लोक ते ताटात झाकून ठेवतात आणि आठला गार खातात.

अधीक्षकांबरोबर बसलो. माणूस सरळ आहे. म्हणाले, "साहेब, तुम्ही फरश्या मोजता ते बरोबर. पण मी कुणाला दारातून परत पाठवू शकत नाही. न्यायालय पाठवेल तो घ्यावाच लागतो. माझे शिपाई डबल ड्यूटी करतात, त्यांच्या क्वार्टर्स पावसात गळतात. तेही लिहा." लिहिलं. बाहेरचा डोळा फक्त बंद्यांसाठी असतो असं समजणारे त्यांचं खातं आणि आमचं मंडळ दोन्हींत आहेत. पण सलग सोळा तास उभा असलेला शिपाई आणि बराकीतली रात्र यांचा संबंध न दिसायला डोळे मिटूनच बसावं लागतं.

डाळीच्या वजनाचा मुद्दा काढला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे तोंडी ठेवता येईल का? मी बघतो." मी म्हटलं, "लिहितो. तुम्ही बघितलंत की तेही लिहीन."

संध्याकाळी ५.१५

शेरा. आगरकरांच्या डोंगरीपासून साने गुरुजींच्या नाशिकपर्यंत, आत गेलेल्यांनी तुरुंगात खूप लिहिलं आणि महाराष्ट्राने ते वाचलं. आम्हा बाहेरून जाणाऱ्यांचं लिखाण मात्र एका जाड वहीत राहतं. तिची प्रत अधीक्षकांच्या अभिप्रायासह वर जाते. कोण किती वाचतं, हे उत्तरांवरून कळतं.

लिहिण्याची आमची रीत जुन्या अर्धसमास पत्रांची: डावीकडे मुद्दा, उजवीकडे उत्तराला कोरी जागा. विशेषण एकही नाही. 'दयनीय', 'अमानुष' असं लिहिलं की वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो. 'माणशी दहा फरश्यांऐवजी तीन', 'गार्ड नसल्याने तीन तारखा हुकल्या, जावक क्रमांक अमुक', 'जामीन मंजूर, सुटका नाही, पत्र आज पाठवलं' असं लिहिलं की कुणीतरी उत्तर द्यायला लागतं. कुठल्याही मुद्द्यात बंद्याचं नाव नाही, बराकही नाही. ज्याने सांगितलं त्याच्यापर्यंत माग जाईल अशी खूण ठेवायची नाही. पोराच्या बिस्किटाच्या पुड्याचा मुद्दा त्यामुळे शेवटी असा उतरला: 'सफाईचं काम न्यायाधीन बंद्यांकडून मोबदल्याच्या नोंदीविना घेतलं जातं. पाळीचं पत्रक दाखवलं गेलं नाही.'

सगळ्यात वर मात्र मागच्या नऊ मुद्द्यांचा तक्ता. तीन झाले. चार 'कळवलं' होतं, त्यांतले दोन आज प्रत्यक्षात सापडले, दोन नाहीत. दोन जसेच्या तसे. आम्हा दोघांच्या सह्या, आत आल्याची वेळ, बाहेर पडायची वेळ.

रात्री ९.००

घरी जेवण झाल्यावर विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना ईमेल लिहिला, ऊसतोड मजुराच्या जामिनाबद्दल. नाव इथे द्यावं लागतं, कारण इथे त्याच्या फायद्याचं आहे.

मग बैठकीची विषयपत्रिका. दर तिमाहीला मंडळ बसतं, चहा होतो, 'कारागृहाची स्थिती समाधानकारक' असं इतिवृत्त होतं. आमची नेमणूक सरकार करतं, मुदतवाढ सरकार देतं आणि शेरा सरकारच्याच वहीत राहतो. अशा व्यवस्थेला स्वतंत्र म्हणायला मी कचरतो. इंग्लंडमध्ये कारागृहांच्या मुख्य निरीक्षकांचे अहवाल छापून जाहीर होतात. परिस्थिती फारच बिघडलेली दिसली तर २०१७ पासून ते थेट मंत्र्यांना तातडीची सूचना देतात आणि मंत्र्यांना अठ्ठावीस दिवसांत जाहीर उत्तर द्यावं लागतं. त्यांच्या तुरुंगांतही गर्दी आहे, मारामाऱ्या आहेत. निरीक्षक असले म्हणून तुरुंग सुधारले असं कुणी म्हणणार नाही. पण काय सापडलं आणि सरकारने काय उत्तर दिलं, हे तिथला कुठलाही नागरिक वाचू शकतो. आपण छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली आणि तो अजून मंजूर केलेला नाही. बाहेरच्या तपासणीचा त्या कराराला जोडलेला २००२ चा पूरक करार तर त्याच्या पुढची पायरी.

ते आमच्या जिल्ह्याच्या हातात नाही. आमच्या हातात आहे तेवढा एक विषय मी पाठवला: 'अभ्यागत मंडळाचा प्रत्येक शेरा आणि त्यावरचं कारागृहाचं उत्तर, बंद्यांची ओळख वगळून, जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर ठेवण्याबाबत.' सिस्टरांना फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "सुरक्षेचं कारण सांगून नाही म्हणतील."

म्हणू देत. फरश्या किती आणि डाळ किती, यात सुरक्षेचा प्रश्न कुठे येतो, तेवढं कारण मी इतिवृत्तात लिहून मागणार आहे. पुढच्या तिमाहीला तक्त्यात तोही एक मुद्दा असेल.